ताटापाशी बसलेला मुनीम

वाचकहो, हा अंक आपल्या एका हाती पडेल तेव्हा दुसऱ्या हातात बहुधा चकली असेल. असावीच. दिवाळी अंकाच्या पानांवर तुपाची बोटे उमटली नसतील, तर तो अंक घरात नीट वाचला गेला असे मी मानीत नाही. तेव्हा खुशाल खात खात वाचा. मात्र आज आपण किती चकल्या खाल्ल्या हे मला सांगू नका, आणि आपल्या मोबाईलला तर मुळीच सांगू नका. प्रस्तुतचा लेख त्या मोबाईलशीच भांडण्याकरिता लिहिला आहे.

भांडण कसे जुंपले ते आधी सांगितले पाहिजे.

माझी आत्या वाईला राहते. वय शहात्तर. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. मुलगा गुणी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणाचा भलता समज व्हायला नको. २०२४ च्या रामनवमीला तो आला तो आईसाठी नवा मोबाईल घेऊनच. त्यात त्याने एक ॲप घालून दिले होते. दिवसभरात आपण काय काय खाल्ले ते त्यात लिहायचे. मग पोटात कॅलरी किती गेल्या, प्रथिने किती, तेलतूप किती, याचा जमाखर्च ते मांडते, आणि तोच जमाखर्च पुण्यात मुलाच्या मोबाईलवर आलेख होऊन उमटतो. आत्याची उंची चार फूट अकरा इंच, वजन चौपन्न किलो. एवढे आकडे भरताक्षणी ॲपने निकाल दिला : आपले वजन जास्त आहे, ते पन्नासावर आणावे. त्यासाठी रोज बाराशे कॅलरींची शिधापत्रिका त्याने आत्याच्या हातावर ठेवली.

आता आत्या कोण, तर दुधाचा हिशेब पन्नास वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिणारी बाई. एखादे दिवशी दूधवाला आला नाही तर त्या चौकोनात फुली, पाव लिटर जास्त घेतले तर कोपऱ्यात टीप. अशा बाईच्या हाती हे यंत्र म्हणजे नवे व्रतच आले. चहात साखर किती, भाकरीला तूप किती, सारे चष्मा लावून ती लिहू लागली. पिठले लिहायला गेली तर यादीत तीन पिठली निघाली आणि तिन्हींचे आकडे निराळे. तिने त्यांतले सर्वांत मोठ्या आकड्याचे निवडले. "कमी लिहिलं असं नको व्हायला," असे तिचे म्हणणे.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला आम्ही सगळे वाईला जमलो होतो. पहाटेची आंघोळ झाली, फराळाची ताटे मांडली. आत्याने आपल्या ताटातली चार कडबोळी उचलून स्वयंपाकघरातल्या छोट्या तराजूवर ठेवली, आकडा पाहिला, आणि दोन परत डब्यात टाकली. अनारशाला तिने हातच लावला नाही. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज शरम वाटते. रात्री जेवणे झाल्यावर तिचा मोबाईल वाजला आणि तिने तो मोठ्या कौतुकाने मला दाखवला. पडद्यावर फुलबाज्या उडत होत्या आणि खाली अक्षरे होती : अभिनंदन, आज आपण मर्यादेच्या आत राहिलात!

शहात्तर वर्षांच्या बाईने दिवाळीच्या दिवशी अर्धपोटी राहावे, आणि त्याबद्दल तिला फुलबाज्या!

पुढे संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेलो. तिने हात पुढे केला आणि मनगटावरची पाटली घरंगळत थेट कोपराशी गेली. मी म्हणालो, "आत्या, हे काय गं?" तर ती पहिला नंबर आल्यासारखी हसली. "अरे, सत्तेचाळीस झालंय वजन. पन्नास सांगितलं होतं, मी तीन जास्तच उतरवलंय." दिवाळीला ते साडेपन्नास होते. मग बोलता बोलता कळले, की हल्ली भिंतीला धरून चालावे लागते, आणि न्हाणीघरात एकदा झोक जाऊन ती खाली बसली होती. हे मात्र ॲपमध्ये लिहिलेले नव्हते; कारण ॲपने ते विचारलेच नव्हते.

गावातल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मोबाईलकडे पाहिलेही नाही. तीन महिन्यांत वजन किती घटले, भूक लागते का, दात लागतात का, एवढे विचारले. मग हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितले. आत्याला ते पहिल्या खेपेस जमले नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, यांना जेवायला घाला."

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो आहे. मी पडलो मॅट्रिक. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. वैद्यकाचा मला अधिकार नाही. पण वाचता येते, बेरीज-वजाबाकी येते, आणि या प्रकरणात तेवढ्यावर बरेच भागते.

पहिली गोष्ट, या ॲपांची कुळी पाहावी. ‘मायफिटनेसपॅल’ हे या जातीतले गाजलेले ॲप २००५ साली अमेरिकेत निघाले. त्याच्या जनकाला स्वतःच्या लग्नाआधी वजन उतरवायचे होते, म्हणून त्याने ते केले. पुढे २०१५ साली खेळाडूंचे कपडे विकणाऱ्या एका कंपनीने ते साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर मोजून विकत घेतले. (२०१८ साली त्यातल्या पंधरा कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली, हे जाता जाता. भिंतीवरच्या कॅलेंडरातला दुधाचा हिशेब अजून कोणी चोरल्याचे ऐकिवात नाही.) आत्याच्या मोबाईलमधले ॲप दुसरे होते, त्याचे नाव मी सांगणार नाही, पण कुळी तीच. नवरदेवाला शेरवानीत मावायचे असते, खेळाडूला चपळ राहायचे असते. त्यांच्या अंगाला बेतलेला अंगरखा तुम्ही माझ्या आत्याला घातलात, आणि तो सैल होतो म्हणून तिला शाबासकी दिलीत!

दुसरी गोष्ट वजनाच्या मापाची. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले की बीएमआय नावाचा आकडा येतो. आत्याचा आला २४. भारतीयांसाठी आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली ठरवले की तेवीसच्या पुढे वजन जास्त समजावे. मधुमेह आपल्याकडे थोड्या वजनावरही गाठतो म्हणून. चाळिशीतल्या माणसाला हे माप योग्यच आहे, मला स्वतःला ते रोज आरशात दिसते. पण वृद्धांचे पोषण तपासण्यासाठी निराळी कसोटी आहे. तिचे नाव ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’. १९९० नंतरच्या दशकात ती तयार झाली आणि जगभरचे डॉक्टर तिचा उपयोग करतात. तिच्या छोट्या प्रश्नपत्रिकेत सहा प्रश्न आहेत. खाणे कमी झाले आहे का? तीन महिन्यांत वजन घटले का? हिंडता-फिरता येते का? अलीकडे मोठा आजार किंवा मनाला धक्का बसला का? विस्मरण किंवा औदासीन्य आहे का? सहावा प्रश्न बीएमआयचा. आणि तिथे तेवीस किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण गुण!

म्हणजे पाहा. ज्या आकड्यासाठी ॲपने आत्याला नापास केले, त्याच आकड्याला म्हाताऱ्यांच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण आहेत. आणि सत्तेचाळीस किलोंवर, जिथे ॲपने फुलबाज्या उडवल्या, तिथे तिला तीनपैकी एकच गुण मिळतो. शिवाय तीन महिन्यांत तीन किलोंहून जास्त घट, त्याचा शून्य निराळा. या सहा प्रश्नांत कॅलरी हा शब्दसुद्धा नाही, हेही लक्षात घ्यावे.

तिसरी गोष्ट अशी, की वय वाढते तशी भूक मंदावते, चव बोथट होते, तहान कळेनाशी होते. हालचाल कमी म्हणून शरीराचा खर्चही उतरतो, हे खरे. बऱ्याच ॲपांत जे सूत्र असते ते १९९० सालचे आहे आणि ते वयाच्या दर वर्षामागे पाच कॅलरी कापते. दर वाढदिवसाला पाच कॅलरींची कपात, अशी ही भेट! पण शरीराचा सगळाच खर्च काही उतरत नाही. स्नायू झिजत असतात आणि ते सांभाळायला प्रथिने उलट जास्त लागतात. ‘एस्पेन’ या युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली वृद्धांसाठी मार्गदर्शिका छापली. तीत सर्वसाधारण प्रमाण दिले आहे ते वजनाच्या दर किलोमागे रोज तीस कॅलरी आणि निदान एक ग्रॅम प्रथिने. चौपन्न किलोच्या आत्याला हे लावा : सोळाशे वीस कॅलरी आणि चौपन्न ग्रॅम प्रथिने. ॲपने दिले बाराशे. प्रथिनांचे म्हणाल तर पंचवीस ग्रॅम तूरडाळीत ती साडेपाच ग्रॅमच्या आसपास असतात, आणि आत्याच्या वाटीतले वरण तेवढ्याच डाळीचे. अशा दहा वाट्या रोज कोण पिणार? त्यासाठी दूध, दही, उसळ, शेंगदाण्याची चटणी हवी. आणि बाराशेच्या शिधापत्रिकेत पहिली काट बसली ती शेंगदाण्याच्या चटणीला, कारण तिचा आकडा मोठा! त्याच मार्गदर्शिकेत असेही बजावले आहे, की म्हातारपणी खाणे कमी होईल अशी पथ्ये घातक ठरू शकतात, ती टाळावीत.

आपल्या देशात तर ही गोष्ट घरोघर सांगायला हवी. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली वृद्धांची देशव्यापी पाहणी केली. तीत साठीच्या पुढची चतुर्थांशाहून अधिक माणसे कमी वजनाची निघाली. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे दहा कोटींवर होती. म्हणजे कोट्यवधी म्हातारी माणसे मुळातच कृश आहेत. त्यांच्या हाती आपण कमी खाण्याचे बक्षीस देणारे यंत्र ठेवीत आहोत.

आणि बायकांचे तर विचारूच नका. ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना वाढून मग कढईच्या तळाचे पुसून खाल्ले, जिची एकादशी, चतुर्थी, सोमवार कधी चुकले नाहीत, पाहुणा आयत्या वेळी आला तर जिने "मला भूकच नाही" म्हणून आपली भाकरी त्याच्या पानात वाढली, तिला कमी खायला शिकवण्यासाठी बेंगळूर-कॅलिफोर्नियाहून मास्तर बोलवावा लागला! ही विद्या तिला पुरेपूर येत होती. कमी खाण्यात पुण्य आहे, एवढे आजवर तिला सांगितले गेले होते. आता त्यात विज्ञानही आहे असे तिला वाटू लागले. आत्याच्या हातून हे व्रत इतके कडक का पाळले गेले याचे उत्तर त्या ॲपमध्ये शोधून सापडणार नाही, ते आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही यंत्राचे वैरी. तसे नाही. इन्सुलिन टोचून घेणाऱ्याला पानात काय पडले याचा हिशेब ठेवावाच लागतो. मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टरांनी बांधून दिलेले मोजमाप पाळावे लागते. तिथे असे ॲप उपयोगी पडत असेल तर मी हात जोडतो. शास्त्राशीही माझे भांडण नाही. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी जे छोटे केंद्र निघाले, तेच वाढत जाऊन १९५८ साली हैदराबादला गेले आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाले. त्या संस्थेने २०१७ साली आपल्या देशातल्या ५२८ खाद्यपदार्थांत काय काय असते त्याची कोष्टके छापली. पिढ्यान्पिढ्यांचे ते काम आहे. माझे भांडण आहे ते त्या कोष्टकांवर पाटी लावून, त्यात नवरदेवाची शेरवानी टांगून, ते दुकान म्हाताऱ्यांच्या दारात मांडणाऱ्यांशी.

त्यांना माझे एवढेच मागणे आहे. साठीच्या पुढचे वय लिहिले की तुमच्या यंत्राने आधी विचारावे : आजी, तीन महिन्यांत वजन घटलंय का? घटले असेल तर फुलबाज्या नकोत, घंटा वाजवा, आणि ती मुलाच्या मोबाईलवर वाजवा. कमी जेवल्याचे अभिनंदन बंद करा. रोज घासाघासाचा हिशेब मागण्यापेक्षा महिन्यातून एकदा वजन विचारा. हे करायला काही फार मोठी बुद्धी लागते असे नाही. तुमच्याजवळ ती आहे, फक्त ती आजवर नवरदेवांच्या सेवेत गुंतली आहे.

आता मुलांविषयी. इथे मला जपून लिहिले पाहिजे, कारण मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते हा अंक वाचत असतील, आणि ती माणसे वाईट नाहीत. आतेभाऊ संक्रांतीनंतर धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाला, "दादा, मी रोज बघत होतो रे. रोज हिरवं दिसत होतं." त्याने खरोखरच एकही दिवस चुकवला नव्हता. पूर्वी तो रात्री फोन करी, आई काय जेवली ते विचारी, ती अर्धा तास बोले. ॲप आल्यावर विचारायचे उरलेच नाही, आकडा समोर होता. वाईला यायला अडीच तास लागतात, आलेख पाहायला अडीच सेकंद. काळजी तेवढीच होती. ती पोचत होती मात्र भलत्याच ठिकाणी.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले, वय अडुसष्ट. त्यांच्या मुलीनेही त्यांना असेच ॲप घालून दिले आहे. अण्णा संध्याकाळी स्टँडवर जाऊन कांदाभजी खातात आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाईलात लिहितात : पपई, एक वाटी. त्यांचा आलेख पाहून मुलगी खूष आहे. अण्णांना ना साखर, ना रक्तदाब. मी एकदा त्यांना विचारले, खोटे का लिहिता? म्हणाले, "चाळीस वर्षं साहेबाला हिशेब दिला. आता भज्यांचा हिशेब पोरीला देऊ?" मी त्यांचे समर्थन करीत नाही, शाळामास्तराला ते शोभणारही नाही. पण खोटे लिहिणारे अण्णा ठणठणीत आणि इमानाने खरे लिहिणारी आत्या भिंत धरून चालते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शाळेचे निघालेच आहे म्हणून सांगतो. आमच्या शाळेत दुपारच्या खिचडीची नोंद माझ्या गळ्यात आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ; साडेचारशे कॅलरी, बारा ग्रॅम प्रथिने. हे रोज वहीत लिहायचे आणि मोबाईलवरून वर कळवायचे. वर्षानुवर्षे मी ते करतो, तेव्हा आकडा पाठवणे म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. आकडा पाठवला की वरचा साहेब निश्चिंत होतो. पोरगे जेवले की नाही हे कळायला मात्र व्हरांड्यात जाऊन उभे राहावे लागते. तिथे एक गंमत दिसते. डबा घेऊन एकटे बसणारे पोर अर्धा डबा टाकून देते. तेच पंगतीत बसवले, शेजाऱ्याने "बघ, मी संपवली" म्हटले, की दुसऱ्यांदा ताट पुढे करते. वाढणारी बाई ओळखीची असली तर तिसऱ्यांदाही. म्हातारी माणसे याहून फार निराळी नसतात. ‘एस्पेन’च्या त्या मार्गदर्शिकेतही म्हटले आहे, की संस्थांत राहणाऱ्या अशक्त वृद्धांना इतरांबरोबर जेवायला बसवावे, म्हणजे चार घास जास्त जातात. एवढ्या विद्वानांनी ते लिहून ठेवले हे बरे झाले; नाहीतर व्हरांड्यातल्या मास्तराचे कोण ऐकतो?

आत्याच्या समोरच्या घरात एक काकू राहतात, त्याही एकट्याच. दोघींची चाळीस वर्षांची ओळख, पण जेवण मात्र दोघी आपापल्या दाराआड उरकीत. गेल्या फेब्रुवारीपासून साडेअकराला आत्याच्या सोप्यात दोन पाट मांडले जातात. भाकरी एकीची, उसळ दुसरीची. वरण घट्ट असते, दही घरचे असते, आणि शेंगदाण्याची चटणी परत आली आहे. कधी कधी भांडणही होते. काकूंना आमटीत गूळ चालत नाही. तराजू माळ्यावर गेला. डॉक्टरांनी उपास सोडायला सांगितले, तेव्हा आत्याने चतुर्थी सोडली, एकादशी सोडली, पण श्रावणी सोमवार काही सोडले नाहीत. ते तिच्याकडून कोण सोडवणार? श्रावण संपला तेव्हा वजन एक्कावन्न होते. हात न टेकता ती खुर्चीवरून उठते. मी गेलो की मुद्दाम उठून दाखवते.

आतेभाऊ आता रोज दुपारी एकला फोन करतो आणि विचारतो, "आई, आज काय केलं होतंस?" त्या प्रश्नाचे उत्तर पंधरा मिनिटे चालते, मध्ये काकूही बोलून घेतात. महिन्यातून दोनदा तो येतो आणि तिसरा पाट मांडावा लागतो.

काल आत्याचा मला फोन आला. विचारीत होती, "यंदा सगळे येणार आहात ना? मग चकलीची भाजणी दोन किलोची करू की तीन?"

मी म्हणालो, "तीन."